विश्लेषण : धनेशाची मादी तीन महिने उडणे का सोडते? कोकणातील वृक्षतोडीचा तिच्या जिवाशी काय संबंध?

उडता न येणारा पक्षी म्हटले की पेंग्विन किंवा शहामृग आठवतो. महाराष्ट्राच्या रानात आज असा पक्षी नाही. मात्र रत्नागिरी जिल्ह्यातील सावर्डे, चिपळूण, संगमेश्वर या पट्ट्यात दरवर्षी शिमग्याच्या आगेमागे एक पक्षीण झाडाच्या ढोलीत शिरते, आतून दार लिंपून घेते आणि पंखांची पिसे गाळून टाकते. पुढचे सुमारे तीन महिने ती उडू शकत नाही. ही धनेशाची मादी. नेमक्या याच महिन्यांत कोकणातील खासगी रानांवर कुऱ्हाड चालते. म्हणून तिचा हा काळ कसा जातो, हे समजून घेणे गरजेचे आहे.

धनेश म्हणजे नेमका कोणता पक्षी?

लांब, बाकदार, केळ्यासारखी चोच आणि काही जातींमध्ये त्या चोचीवर शिरस्त्राणासारखा उंचवटा ही धनेशाची ओळख. कोकणात गावोगावी त्याला ककणेर, गरुड, माडगरुड अशी वेगवेगळी नावे आहेत. भारतात धनेशाच्या नऊ जाती आढळतात. त्यांपैकी चार महाराष्ट्रात दिसतात : महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि भारतीय राखी धनेश. यात महाधनेश सर्वांत मोठा. चोचीपासून शेपटीपर्यंत तो मीटरभर लांब असतो आणि त्याचे वजन तीन किलोच्या आसपास भरते. तो डोक्यावरून गेला की पंखांचा वाफेच्या इंजिनासारखा घुसघुस आवाज बराच दूरवर ऐकू येतो. केरळ आणि अरुणाचल प्रदेश या दोन राज्यांचा तो राज्यपक्षी आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत महाधनेश ‘असुरक्षित’ गटात आहे, तर मलबारी कवड्या धनेश ‘संकटसमीप’ गटात.

मुंबईशीही या पक्ष्याचे जुने नाते आहे. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात १८९४ पासून १९२० पर्यंत ‘विल्यम’ नावाचा एक महाधनेश राहत होता. संस्थेच्या बोधचिन्हावर धनेश आला तो त्याच्यामुळेच. संस्थेच्या नियतकालिकाचे नावही ‘हॉर्नबिल’, म्हणजे धनेश, असेच आहे.

कायमचे न उडणारे पक्षी आणि धनेश यांत फरक काय?

कायमचे न उडणारे पक्षी बहुधा अशा जागी घडले, जिथे उडण्याची गरजच उरली नव्हती. न्यूझीलंडमधील काकापो हा पोपट त्याचे ठळक उदाहरण. त्या बेटांवर जमिनीवरून शिकार करणारे सस्तन प्राणी नव्हते, त्यामुळे तो हळूहळू उडणे विसरला. माणसाबरोबर मांजरे, उंदीर, मुंगसाच्या आकाराचे स्टोट आले आणि काकापो संपत चालला. १९९५ मध्ये जगात केवळ ५१ काकापो उरले होते. कडक संरक्षणानंतर आता त्यांची संख्या अडीचशेच्या आसपास आहे.

महाराष्ट्रातही एके काळी न उडणारा पक्षी होता. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याचे नक्षी कोरलेले कवच मिळाले. ते सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते. भारतात सापडलेल्या अशा कवचांमधील डीएनएचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ती शहामृगाचीच असल्यावर शिक्कामोर्तब झाले. ते शहामृग नामशेष झाले.

धनेशाचे प्रकरण वेगळे आहे. तो उत्तम उडणारा पक्षी आहे. फक्त मादी, आणि तीही फक्त विणीच्या काळात, उडण्याची क्षमता गमावते. बदक आणि हंसही वर्षातून एकदा सगळी उड्डाणपिसे एकदम गाळतात आणि काही आठवडे उडू शकत नाहीत. पण ते पाण्यावर असतात. धोका दिसला की पोहत दूर जातात, बुडी मारतात, लव्हाळ्यात शिरतात. धनेशाच्या मादीपुढे यांपैकी कोणताच मार्ग नसतो. ती जमिनीपासून उंचावर, एका खोडाच्या पोटात बंद असते.

ढोली कशी निवडली जाते?

सुतार पक्ष्याप्रमाणे धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. मोठी फांदी मोडून पडलेल्या जागी लाकूड कुजते, बुरशी लागते, कधी सुतार पक्षी सुरुवात करून देतो आणि अशी पोकळी वाढत वाढत धनेशाला पुरेल एवढी होते. मीटरभर लांबीचा पक्षी, त्याची अंडी आणि नंतर वाढणारे पिल्लू मावायचे तर खोड तेवढे जाड हवे. म्हणजे झाड कित्येक दशकांचे हवे. कोकणात बेहडा, आंबा, सातवीण, वड असे जुने, उंच वृक्ष त्याच्या उपयोगाचे ठरतात. असे वृक्ष आता प्रामुख्याने देवरायांत आणि एखाद्या जुन्या बागेच्या किंवा वाडीच्या कडेला उरले आहेत.

चांगली ढोली मिळाली की धनेशाची जोडी वर्षानुवर्षे तिथेच परतते. त्यामुळे एक झाड गेले तर केवळ त्या वर्षाचे घरटे जात नाही. जोडीला पुन्हा तशीच पोकळी शोधावी लागते, आणि ती जवळपास मिळेलच याची खात्री नसते. जागा न मिळाल्यास ती जोडी त्या वर्षी वीण घालतच नाही.

दार कोण बंद करते आणि कशासाठी?

साधारण जानेवारी ते मार्च या काळात, जातीनुसार थोड्या फरकाने, मादी ढोलीत शिरते. अनेकांचा समज असा की नर तिला कोंडून ठेवतो. प्रत्यक्षात दार लिंपण्याचे बहुतेक काम मादी स्वतः आतून करते. स्वतःची विष्ठा, फळांचा चोथा, सालीचे तुकडे हे तिचे साहित्य. काही जातींमध्ये नर मातीही आणून देतो. चोचीच्या सपाट बाजूने थापटून थापटून ती हे लिंपण घट्ट करते. वाळल्यावर ते चांगलेच कडक होते. शेवटी फक्त नराच्या चोचीचे टोक आत येईल एवढी उभी फट उरते.

ही भिंत कशासाठी, याची एकापेक्षा अधिक उत्तरे अभ्यासक देतात. घोरपड, साप, माकड यांना आत शिरता येऊ नये हे एक कारण. चांगल्या ढोल्या कमी असल्याने इतर धनेशांनी जागा बळकावू नये हे दुसरे. आतले तापमान फार चढउतार न होता टिकते, हाही फायदा आहे. फटीतून मादी विष्ठा जोराने बाहेर फेकते, त्यामुळे इतके दिवस बंद राहूनही ढोली बऱ्यापैकी स्वच्छ राहते.

मग पिसे का गळतात?

पक्ष्यांची पिसे झिजतात आणि ती वर्षातून एकदा तरी बदलावी लागतात. बहुतेक पक्षी ती थोडी थोडी बदलतात, कारण रोज उडायचे असते. धनेशाच्या मादीला तीन महिने उडायचेच नसते. त्यामुळे ढोली बंद केल्यानंतर तिची पंखांची आणि शेपटीची मोठी पिसे थोड्याच काळात गळून पडतात आणि आत बसल्या बसल्या नवी उगवतात. अरुंद जागेत लांब पिसांची अडचणही होत नाही. बाहेर येण्याच्या वेळेपर्यंत नवा पिसारा तयार असतो.

हा हिशेब चोख आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. झाड उभे राहील आणि नर रोज येईल. लाखो वर्षे या दोन्ही गोष्टींवर भरवसा ठेवता येत होता.

तीन महिने ती खाते काय?

नर आणून देतो तेच. उंबर, वड, पिंपळ यांची फळे हा मुख्य आहार. त्याशिवाय रानातली इतर गरयुक्त फळे असतात. काजऱ्याची बी विषारी म्हणून कोकणात सर्वांना ठाऊक आहे. मलबारी कवड्या धनेश मात्र काजऱ्याचे फळ खातो. गर पोटात जातो आणि बी अखंड बाहेर पडते. नर फळे घशात साठवून आणतो, फांदीवर बसतो आणि एकेक फळ वर काढून फटीतून मादीच्या चोचीत देतो. पिल्ले फुटल्यावर प्रथिनांची गरज वाढते. तेव्हा सरडे, उंदीर, मोठे कीटक, कधी दुसऱ्या पक्ष्यांची पिल्लेही या खेपांत असतात.

या काळात नराला आधी एकट्या मादीचे आणि मग पिल्लांसकट सगळ्या कुटुंबाचे पोट भरावे लागते. त्यासाठी तो दिवसभर रानभर फिरतो. म्हणूनच एक ढोलीचे झाड वाचवून भागत नाही. आसपास वड, उंबर, पिंपळ अशी फळझाडेही लागतात. उन्हाळ्यात बाकीचे रान सुकलेले असताना उंबर कुठे ना कुठे फळलेला असतो, म्हणून त्याचे मोल अधिक.

याचा परतावा रानालाही मिळतो. धनेश फळे गिळून दूरवर उडतो आणि बिया विष्ठेतून किंवा ओकून टाकतो. रानजायफळासारख्या मोठ्या बिया गिळू शकणारे पक्षी मोजकेच आहेत. त्यामुळे अशा झाडांचा प्रसार बराचसा धनेशांवर अवलंबून असतो. विणीच्या ढोलीखाली अनेकदा रोपांची दाटी दिसते, ती याच बियांतून आलेली.

पिल्लू बाहेर कधी येते?

महाधनेशाची मादी एक किंवा दोन अंडी घालते आणि बहुतेक वेळा एकच पिल्लू जगते. अंडी उबवायला सुमारे चाळीस दिवस लागतात. पिल्लू काहीसे मोठे झाले आणि मादीचा पिसारा परत आला की ती भिंत फोडून बाहेर पडते. त्यानंतरची गोष्ट अधिक चकित करणारी आहे. आतले पिल्लू स्वतःच फट पुन्हा लिंपून घेते. आई किंवा बाप कुणीही न शिकवता. मग दोघे मिळून त्याला भरवतात. कवड्या धनेशात दोन-तीन अंडी असतात आणि मादी सहसा पिल्ले उडण्याजोगी होईपर्यंत आतच राहते. मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, पिल्ले बाहेर येतात. म्हणजे एका जोडीची वर्षाची सगळी कमाई एक, फार तर दोन-तीन पिल्ले. अशा पक्ष्याची संख्या एकदा घटली की भरून यायला फार वर्षे लागतात.

नर मारला गेला किंवा झाड तुटले तर?

नर परतला नाही तर मादीला भूक सहन करत वाट पाहावी लागते. शेवटी ती भिंत फोडून बाहेर येऊ शकते, पण पिसे पुरती उगवलेली नसतील तर ती जमिनीवर उतरलेला, उडू न शकणारा मोठा पक्षी असते. कुत्रे, मुंगूस, माणूस कुणाच्याही हाती ती सहज लागते. अंडी किंवा लहान पिल्ले मागे राहिली तर ती वाचत नाहीत. एका नराची शिकार म्हणजे एका कुटुंबाचा शेवट असतो, तो यामुळे. धनेशाच्या चरबीचे तेल सांधेदुखीवर गुणकारी असते, असा समज देशाच्या अनेक भागांत आहे. त्याला वैद्यकीय आधार नाही, मात्र त्यापायी धनेश मारले गेले आहेत.

झाडच तोडले गेले तर परिणाम आणखी तत्काळ होतो. खोडावर घाव बसू लागले की बाकीचे पक्षी उडून जातात. ढोलीतली मादी जाऊ शकत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त शेणामातीने बुजवल्यासारखे एक भोक दिसते. आत कुणी आहे हे तोडणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

सावर्डे परिसरात हा प्रश्न का गंभीर आहे?

सावर्डे हे मुंबई–गोवा महामार्गावरील आणि कोकण रेल्वेवरील गाव. पूर्वेला सह्याद्रीची रांग. घाटमाथ्यावर कोयना अभयारण्य आहे, जे चांदोली राष्ट्रीय उद्यानासह २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. पण घाटाखालचे चित्र वेगळे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वनक्षेत्र फार थोडे आणि बहुतेक रान खासगी मालकीचे, एकेका सातबाऱ्यावर अनेक सहहिस्सेदार असलेले. यातले बरेच जण मुंबई-पुण्यात. डोंगरउताराची शेती परवडत नाही, गुरे कमी झाली, राखायला माणूस नाही. अशा वेळी ठरावीक वर्षांनी अख्खे रान व्यापाऱ्याला तोडीला देणे हा रोख पैसे मिळण्याचा सोपा मार्ग असतो. लाकूड जळणाला, कोळशाच्या भट्ट्यांना, कारखान्यांना जाते. सावर्डे परिसर कातउद्योगासाठी ओळखला जातो, त्यामुळे खैराच्या लाकडालाही इथे मागणी असते. महामार्गाच्या चौपदरीकरणात रस्त्याकडेचे जुने वड-आंबेही मोठ्या संख्येने गेले.

पावसाळ्यात चिखलामुळे गाडी रानात जात नाही. त्यामुळे तोडीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मेअखेरपर्यंत चालतो. धनेशाची मादी ढोलीत असते ते महिनेही हेच. रान पुन्हा वाढते, हा युक्तिवाद अनेकदा केला जातो. ऐन, किंजळ यांना बुंध्यातून फुटवे येतात आणि काही वर्षांत डोंगर हिरवा दिसू लागतो, हे खरेच आहे. मात्र त्या कोवळ्या खोडांत ढोली नसते. हिरवा डोंगर आणि धनेश राहू शकेल असा डोंगर यांत अनेक दशकांचे अंतर असते.

कायदा काय सांगतो?

महाधनेशाला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे सर्वोच्च, संरक्षण आहे. या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या केवळ मारण्यापुरती नाही. वन्य पक्ष्यांची अंडी खराब करणे, अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणे हेही त्या व्याख्येत येते. म्हणजे चालू घरटे असलेले झाड तोडणे हा केवळ वृक्षतोडीचा प्रश्न राहत नाही.

दुसरा कायदा १९६४ चा, वृक्षतोडीचे नियमन करणारा. त्यानुसार आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ अशा यादीतील झाडांच्या तोडीसाठी परवानगी लागते. अडचण अशी की ही यादी झाडाच्या जातीवरून ठरते. त्या झाडात ढोली आहे का, तिथे कुणाचे घरटे आहे का, हा प्रश्न त्यात येत नाही. परवानगीपूर्वीच्या पाहणीत ढोलीचे झाड वेगळे नोंदवले गेले तरच दोन कायद्यांमधील ही फट बुजेल.

इतरत्र कोणते उपाय लागू पडले?

अरुणाचल प्रदेशातील पक्के व्याघ्र प्रकल्पालगत २०११-१२ पासून ‘घरटे दत्तक’ योजना चालते. न्यिशी समाजाचे ग्रामस्थ, वनविभाग आणि नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशन ही संस्था यांचा हा उपक्रम. शहरातील लोक एखाद्या घरट्यासाठी पैसे देतात आणि गावातील राखणदार विणीच्या काळात त्यावर लक्ष ठेवतात. पूर्वी याच समाजात पारंपरिक शिरोभूषणासाठी धनेशाची चोच वापरली जाई. आता फायबरच्या चोचीही वापरल्या जातात. थायलंडमध्ये डॉ. पिलाई पूनस्वाद यांनी पूर्वी पिल्ले चोरणाऱ्यांनाच घरट्यांचे रक्षक म्हणून उभे केले. कर्नाटकात दांडेलीला २०११ मध्ये धनेश संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. रत्नागिरी जिल्ह्यातही देवरूखच्या सह्याद्री संकल्प सोसायटीने देवराया आणि धनेश यांवर काम केले आहे.

पक्के आणि थायलंड येथील उपक्रमांत एक गोष्ट समान आहे. घरट्याजवळ राहणाऱ्या माणसाला राखणीचे काम आणि त्याचा मोबदला मिळाला. कोकणात जमीन खासगी असल्याने हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा. मालकाने झाड ठेवावे असे वाटत असेल तर झाड ठेवण्याचे काही मोल त्याच्याही हाती पडले पाहिजे.

जमीनमालक आणि ग्रामस्थांना काय करता येईल?

पहिली गोष्ट म्हणजे घरटे ओळखणे. फेब्रुवारी ते मे या काळात मोठा धनेश एकाच झाडाच्या एकाच जागी पुन्हा पुन्हा येऊन खोडाला चोच लावताना दिसला, तर आत मादी आहे असे समजावे. झाडाखाली विष्ठेचा पांढरट सडा, फळांच्या बिया आणि रोपे ही दुसरी खूण. असे झाड दिसल्यास जवळ गर्दी करू नये, ढोलीत डोकावण्यासाठी वर चढू नये, फोटोसाठी तासन्‌तास खाली थांबू नये. माणूस जवळ असला की नर फळे घेऊन परत फिरतो आणि आतली मादी उपाशी राहते. घरट्याचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवर टाकणेही टाळावे. वनविभागाला कळवणे मात्र उपयोगाचे.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. रान तोडीला देताना व्यापाऱ्याशी होणाऱ्या करारात ढोली असलेली झाडे आणि वड, उंबर, पिंपळ वगळता येतात. अशी झाडे पोकळ असल्याने त्यांच्या लाकडाला तसाही फारसा भाव येत नाही. म्हणजे मालकाचे नुकसान थोडे आणि राखले जाते ते एका जोडीचे घर. शिमग्याला चाकरमानी गावी येतात, सहहिस्सेदार एकत्र बसतात आणि रानाचे निर्णय अनेकदा तेव्हाच होतात. त्या बैठकीत कोणती झाडे ठेवायची हे ठरले आणि खोडांवर चुन्याने खूण झाली, तर कुऱ्हाड घेऊन येणाऱ्या मजुरालाही ते झाड वेगळे कळेल. आत बसलेल्या मादीला पळून जाता येत नाही. त्यामुळे तिच्या वतीने हा निर्णय तोडीआधीच व्हावा लागतो.